राखण

शाळू हुरड्यावर आला, तरी यंदा वत्सलाची गोफण खुंटीलाच होती. दरवर्षी रानातल्या उंच माळ्यावर उभी राहून ती दिवसभर पाखरं हाकलायची. ओरडून ओरडून घसा बसायचा. यंदा नवऱ्यानं बांधावरच्या बाभळीच तोडल्या. "बसायला जागाच न्हाई, तर येतील कशाला?" तो म्हणाला.

आणि खरंच, एकही पाखरू आलं नाही.

पौषातल्या एका संध्याकाळी दोघं टपोरी कणसं बघत बांधावर उभी होती. तेवढ्यात बारीक आवाज आला, पानांवर भुरभुर पाऊस पडावा तसा. नवऱ्यानं वर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं.

वत्सलानं जवळचं ज्वारीचं ताट वाकवलं. आतल्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या आणि उरलेली पानं अळ्याच अळ्या कुरतडत होत्या. पुढच्या ताटावरही तेच. आवाज सगळ्या रानातून येत होता.

"साळुंक्या त्या बाभळींवरच बसायच्या," ती म्हणाली. "ह्या अळ्या वेचायला."

ती गेल्या वर्षीच्या माळ्यावर चढली. पाखरांना बोलवावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण तिला फक्त हाकलायची आरोळी येत होती.