बांधातलं बीळ

बांधात अंगठ्याएवढं बीळ पडलं होतं आणि त्यातून भातखाचराचं पाणी सारख्या धारेनं खाली जात होतं. ढग शेतात उतरला होता. बांधाच्या दोन टोकांना उभे असलेले जिवा आणि वेणू एकमेकांना दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते.

“उंदराचं हाय.”

“बेडकाचं. तुला कधी काय कळलंय?”

“तुलाच सगळं कळतं!”

“मग जाते माहेरी. लगीन कुठं लागलंय आपलं?”

खरंच लागलं नव्हतं. इकडं लग्नाआधी नांदणं चालतं, पण लेकीला हळद लागण्यापूर्वी आईबापाचं लागावं लागतं. त्यांच्या लेकीचं, सपनाचं, यंदा ठरलं होतं, आणि जिवा अजून ‘पुढल्या साली’ म्हणत होता.

बिळापाशी बसलेली सपना म्हणाली, “कॉलेजात बाईंनी सांगितलं, ग्रीक लोकांत फुकटच्या भांडणाला एक शब्द हाय. बॅट्राकोमायोमाकिया. बेडूक-उंदरांची लढाई.”

“मिटवतं कोण?” वेणूनं विचारलं.

“खेकडे.”

तेवढ्यात बिळातून चिखलानं माखलेला एक खेकडा बाहेर आला. सपना खूप वेळ हसत राहिली. वेणूच्या टोकाकडून मात्र आवाज आला नाही.

“वेणू, हायस ना?”

“हाय.”

“सपनाच्या मांडवात आधी आपलं लगीन लावू.”