भरात गळणारं फूल

फूल झाडाखाली उताणं पडलं होतं. एकही पाकळी सुटी झाली नव्हती. कडा पांढऱ्या, मध्याकडे फिकट गुलाबी, पुंकेसर अजून पिवळेधमक. सुनेने ते तळहातावर घेतलं. तपकिरी डाग कुठेच नव्हता.

"गळकं झाड आहे," सासूबाई मागून म्हणाल्या. "उपटून टाक म्हणून गेल्या वर्षीच सांगितलं होतं."

इतर सासवांच्या कमरेला किल्ल्या असतात. यांच्या कमरेला कलमाचा चाकू असे. घरच्या रोपवाटिकेतलं प्रत्येक कलम त्याच बांधत. हात थरथरू लागल्यापासून निम्मी कलमं वाळत होती, पण घरात कुणी अवाक्षर काढत नसे. सुनेने चाकू मागितला की उत्तर ठरलेलं: "पुढच्या हिवाळ्यात बघू." आता तिला एका वनस्पती-उद्यानातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. आजच उत्तर द्यायचं होतं.

हे कॅमेलियाचं फुलझाड तिनेच तयार केलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने रानटी लाल फुलाचे परागकण ब्रशने सासूबाईंच्या लाडक्या पांढऱ्या जातीवर लावले होते. बी धरलं, रोप झालं, आणि पहिलं फूल दिसायला सात वर्षं गेली.

"माझी पांढरी बघ," सासूबाई म्हणाल्या. "फूल शेवटपर्यंत फांदी सोडत नाही."

"म्हणून तर रोज खुडावं लागतं, आई."

पांढरीवर कुजकी तपकिरी फुलं चिकटून होती. सासूबाईंनी त्यातलं एक ओढलं. बोटं थरथरली. फुलाबरोबर त्याला खेटलेली नवी कळीही तुटून हातात आली. ती एका बाजूने दबून काळी पडली होती.

त्यांनी कळी उलटसुलट करून पाहिली. मग सुनेच्या झाडाकडे वळल्या. त्यावर एकही वाळकं फूल नव्हतं. जिथून फूल गळलं होतं, तिथेच शेजारची कळी उमलत होती.

"याला खुडावं लागत नाही?"

"नाही. भरात असतानाच आपणहून सोडतं."

"शहाणं आहे," सासूबाई पुटपुटल्या. त्यांनी कमरेचा चाकू सोडला आणि मुठीची बाजू सुनेकडे केली.

"नोकरीचं तुझं तू ठरव. पण आजपासून इथली कलमं तुझ्या हातची. पहिलं या गळक्याचं बांध."