जिन्याखालची बाळंतीण

"पुन्हा मांडलीत पंगत?" विश्वास दांडेकरांनी ताटली लाथेनं उडवली. भात जिन्याखाली पसरला. कुत्री गुरगुरली. तिची सहा पिल्लं मात्र लुचतच राहिली.

"बाळंतीण आहे ती, काका," वरच्या मजल्यावरची स्वरदा म्हणाली.

"काल माझ्या पोटरीला चावली. उद्या एखाद्या लेकराला फाडेल. हटवा तिला, नाहीतर विष घालीन."

इंद्रपुरीतल्या त्या इमारतीत हे सगळ्यांनी ऐकलं.

स्वरदा हट्टाला पेटली. तीन आठवडे ती दोन्ही वेळा भात आणि पोळ्या घालत होती. तिच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. पण कुत्रीचं पोट भरतंय, याचं तिला समाधान होतं. दांडेकर दिसले की ती मुद्दाम एक पोळी जास्त टाकी.

रविवारी सकाळी कुत्री आडवी पडलेली दिसली. पाय ताठ, तोंडातून लाळ, अंग थरथर कापत होतं.

"काय घातलंत हिला?" स्वरदानं दांडेकरांचं दार बडवलं.

"मी काहीही घातलेलं नाही."

"विष घालीन कोण म्हणालं होतं?"

त्यांनी दार लावून घेतलं. तिला तेवढं पुरे झालं. तडफडणाऱ्या कुत्रीचा व्हिडिओ तिनं कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'दांडेकरांनी लेकुरवाळीला विष दिलं.' मग कुत्रीला रिक्षात घालून तिनं जनावरांचा दवाखाना गाठला.

"रोज काय खाते ही?" डॉक्टरांनी शीर शोधत विचारलं.

"भात, पोळी. मीच घालते, न चुकता."

डॉक्टर सावकाश इंजेक्शन देऊ लागले. तेवढ्यात शेजारच्या पल्लवीचा फोन आला.

"ताई, सगळी पब्लिक जमा झाली. दार तोडलं काकांचं. जिन्यावरून ओढत खाली आणलं, डोकं फुटलंय. पोलीस घेऊन गेले. अच्छाच झालं!"

स्वरदाला बरं वाटलं. टेबलावर कुत्रीची थरथर थांबली होती. थोड्या वेळानं तिनं मान उचलली.

"विष कुठलं होतं, डॉक्टर? लिहून द्या. पोलिसांना द्यायचंय."

डॉक्टरांनी सुई काढली.

"विष नव्हतंच. सहा पिल्लांना पाजून हिच्या अंगातलं कॅल्शियम संपलं. नुसत्या भात-पोळीवर ठेवलंत ना तुम्ही, ताई, म्हणून."