द फर्स्ट ऑफ जून

आठवडाभर आरशासमोर मी 'द फर्स्ट ऑफ जून' घोकलं होतं. वाचनालयातल्या बायकांच्या इंग्रजी वर्गात आज प्रत्येकीनं आपली जन्मतारीख सांगायची होती, आणि माझी धाकटी जाऊ शर्मिला माझ्या शेजारीच बसली होती.

पण माझ्याआधीच्या तिघीही 'द फर्स्ट ऑफ जून'च म्हणाल्या. मीही तेच म्हटल्यावर आमची कॉलेजात शिकणारी मॅडम वैतागली. "काकू, एकमेकींचं ऐकून सांगू नका. स्वतःची तारीख सांगा!"

"अगं, आमची तीच आहे. घरी जन्मलो, कुणी लिहून ठेवलं नाही. शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट एक जून लावली."

मग शर्मिला उठली. "द ट्वेंटी-सेकंड ऑफ ऑक्टोबर." मॅडमनं टाळ्या वाजवल्या. हिच्या वडिलांनी म्हणे जन्माची वेळसुद्धा मिनिटासकट वहीत लिहून ठेवली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इंग्रजी तिला माझ्याहून चांगलं येतं, ते एक वेळ चालेल. पण तिचा दिवस तिच्या एकटीचा होता.

एक जूनला मॅडमनं केक आणला. वर्गातल्या आम्ही एक जूनच्या नऊ जणींनी एकाच सुरीवर हात ठेवून तो कापला, एकमेकींना भरवला. टाळ्या वाजवायला मॅडमबरोबर शर्मिला तेवढी उरली.

"ताई, मलाही एक जून लावून द्या ना," ती हळूच म्हणाली.

"आता नाही गं बदलता येत," मी म्हणाले आणि केकवरचं गुलाबाचं फूल माझ्या बशीत घेतलं.