चाखलेला चमचा

डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याने चिमीचा वरचा ओठ उचलला आणि तिच्या आईला जवळ बोलावलं. समोरच्या दोन इवल्याशा दातांवर, अगदी हिरडीलगत, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. कीड लागायची ही सुरुवात, त्या म्हणाल्या. अजून भोक पडलेलं नाही, आत्ता जपलं तर दात वाचतील.

मग विचारपूस झाली. बाटली तोंडात ठेवून झोपते का? नाही. खाणं झालं की दात पुसता? हो, ओल्या फडक्याने. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घेऊन मऊ ब्रश? दोन्ही वेळा.

"तिच्या चमच्याने मोठं कुणी खातं का? आपल्या तोंडातली कीड तशीच जाते लहानांकडे."

चिमीच्या आईला उत्तर पक्कं ठाऊक होतं. सासूबाई.

नवराबायको दोघं नोकरीला जात आणि चिमी दिवसभर आजीआजोबांपाशी असे. भरवायचं काम आजोबांचं. जन्मभर दवाखान्यात कंपाउंडरकी केलेला माणूस, भात कालवतानासुद्धा शीत इकडचं तिकडे होत नसे. बाबा केळंही डोस मोजून कुस्करतात, अशी घरात थट्टा चाले. पण नव्या वाटीतला पहिला चमचा चिमीच्या तोंडाशी पोचायच्या आत शेजारी बसलेल्या आजींचा हात पुढे येई. चमच्याच्या टोकावरचं थोडंसं त्या जिभेवर घेत, क्षणभर थांबत, मान हलवत. उरलेलं मग चिमीला मिळे.

सुट्टीच्या दिवशी सून भरवायला बसली, की आजी खिडकीशी विणकाम घेऊन बसत. वाटीकडे ढुंकूनही बघत नसत. आपल्या हातचं त्यांना चाखावंसंही वाटत नाही, हे सुनेला लागायचं. ती बोलून दाखवत नसे, इतकंच.

संध्याकाळी तिने डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सगळ्यांसमोर सांगितलं आणि एक पिवळा चमचा आणून आजींपुढे ठेवला. चाखायचंच असेल तर यातून. आजोबांनी मान खाली घातली. आजी हो म्हणाल्या. आई धास्तावलेली असते, नवऱ्याने नंतर समजूत घातली. त्याच्या आधीचा भाऊ दात येतानाच्या तापात गेला होता, त्याला ठाऊक होतं ते एवढंच.

पाचव्या दिवशी सून ऑफिसातून लवकर परतली. पिवळा चमचा टेबलावर कोरडाच पडला होता. आजोबांच्या हातातला चमचा आजींच्या तोंडात होता आणि चिमी आ करून वाट बघत होती.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी तिने आवाज चढवला नाही.

"आई, तिचे दात किडायला लागलेत. तुम्हाला कळत नाही का?"

"कळतं."

"मग?"

"चाखल्याशिवाय मी तिच्या तोंडात जाऊ देणार नाही."

"मग सोमवारपासून चिमी पाळणाघरात जाईल."

यावर आजी वाद घालतील, निदान रडतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त चिमीचं लाळेरं सोडलं, तिचं तोंड पुसलं, ओलं फडकं बोटाला गुंडाळून दोन्ही दात हलक्या हाताने साफ केले आणि तिला आईच्या कडेवर दिलं. मग त्या आतल्या खोलीत गेल्या. त्या बाईचा दिवस चिमीपासून सुरू होई आणि चिमीपाशी संपे, हे सुनेला ठाऊक होतं. तिला वाईट वाटलं. पण दात आपल्या मुलीचे होते.

आजोबा वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले. ती मागोमाग गेली. निदान त्यांनी तरी समजावावं, असं तिचं म्हणणं होतं.

आजोबांनी नळ बंद केला.

"माझा मोठा मुलगा तापाने गेला नाही," ते पाठमोरेच म्हणाले. "ताप साधाच होता. औषध मी आणलं होतं दवाखान्यातून. बाटल्या दोन होत्या, एक नुसती लावायची. मी चिठ्ठी न वाचता चमचा भरला."

चिमी आईच्या गळ्यातल्या साखळीशी खेळत होती.

"ही शेजारीच बसली होती. पस्तीस वर्षं सगळ्यांना तापच सांगत आली. तुझ्या नवऱ्यालासुद्धा. माझ्या हातातली वाटीही कधी काढून घेतली नाही तिने. घेतली असती, तर कुणीतरी विचारलं असतं, का म्हणून." त्यांनी चमचा पुसला आणि तिच्यापुढे धरला. "पाळणाघर नको. सकाळी तू कालवून ठेवत जा, ती भरवेल. मी हात लावणार नाही."

"पण बाबा, त्यांची चाखायची सवय..."

"तुझ्या हातचं तिने कधी चाखलंय का, आठवून बघ."