अगदीच पुचाट

सोळा वर्षांच्या तनयनं स्वतःला खोलीत कोंडून घेतलं, त्याला आता महिने लोटले होते. शाळा सुटली, मित्र तुटले, दाराशी ठेवलेलं ताट तसंच परत यायचं. थेरपिस्टनं टेर्मिन, म्हणजे भेटीची तारीख, दिली होती ती थेट उन्हाळ्यानंतरची. त्याची आई देवश्री रोज दाराशी बसून विनवायची, रडायची. आतून उत्तर यायचं ते फक्त किंचाळत्या डेथ मेटल संगीताचं.

एका शुक्रवारी त्याच्या लाडक्या नॉर्वेजियन बँडचा नवा अल्बम आला. फ्रँकफर्टला ऑफिसात जाता-येता एस-बान लोकलमध्ये देवश्रीनं तो अख्खा ऐकला आणि घरी येताच, खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता, दार ठोठावलं.

"तनय, ऐकला रे तुझ्या बँडचा नवा अल्बम. अगदीच पुचाट! म्हातारे झाले ते. आधीच्याची सर नाही."

आतलं संगीत थांबलं. किल्ली फिरली. केस वाढलेला, डोळे खोल गेलेला तनय संतापून दारात उभा राहिला.

"आई, दू हास्ट काइने आनुंग!" तुला यातलं ओ की ठो कळत नाही, असं म्हणत तो ड्रम्सबद्दल, गिटारबद्दल तावातावानं जर्मनमध्ये बोलत सुटला. भांडत भांडत किचनपर्यंत आला आणि तिनं पुढे केलेली पोळी-भाजी खातानाही भांडतच राहिला. देवश्री आपली म्हणत राहिली, "छे, मला नाही पटत."



खरं तर अल्बम तिला फार आवडला होता. इतके दिवस तिला अगदी तसंच किंचाळायचं होतं.