चांदणीची नावड

“आमच्या घरात चांदणीला सगळ्यात नकोसं कोण वाटतं?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शर्वरीने चांदणी गाईच्या गळ्यातल्या बोलक्या पट्ट्याला खुशाल विचारून टाकलं. धार काढता काढता अण्णाही हसले.

दूध चांगलं कसं होईल, याचा सल्ला तो पट्टा द्यायचा आणि अण्णा तो शब्दन् शब्द पाळायचे. त्याच्या सांगण्यावरून मोती कुत्र्याला लांब सोडून आले होते, खोकणाऱ्या आजोबांना आत्याकडे धाडलं होतं. दर वेळी दुधाचं फॅट वाढलं होतं.

“शर्वरी,” पट्टा म्हणाला. “वासराला नेलं तेव्हा दावं हिच्या हातात होतं. हिची चाहूल लागली की गाय पान्हा चोरते. हिला दूर ठेवा. फॅट अर्ध्या टक्क्याने वाढेल.”

“अहो अण्णा, दावं धरायला तुम्हीच सांगितलं होतंत ना!”

अण्णांनी वैरण टाकणाऱ्या आईकडे बघितलं. आईने पट्ट्यालाच हळूच विचारलं, “नक्की अर्धा?”

दारातल्या मैत्रिणींचं हसू कधीच थांबलं होतं. शर्वरीने डोळे पुसले आणि मान ताठ केली.

“मी आत्याकडे, आजोबांजवळ राहायला चाललेय. आता घरात तुम्ही दोघंच उरलात. उद्या पट्ट्याला हाच प्रश्न परत विचारा.”